भाच्याचा रॉटवायलर मुलुंडच्या सोसायटीत ठेवता येईल का?

नमस्कार मंडळी,

भाचा पुढच्या महिन्यात शिकायला परदेशी चाललाय आणि त्याचा चार वर्षांचा रॉटवायलर आमच्याकडे येतोय. नाव मोती. वजन ४५ किलो! नवऱ्याला आधी विचारायला हवं होतं, पण त्यासाठी वेगळा धागा काढेन.

अडचण सोसायटीची आहे. सेक्रेटरी काका म्हणाले, "या जातीवर सरकारी बंदी आहे, आणायचा नाही." शोधलं तर मार्च २०२४चं केंद्राच्या पशुसंवर्धन विभागाचं पत्र सापडलं. २३ जातींची यादी, त्यात पिटबुल, टोसा इनू यांच्यासोबत रॉटवायलरही. जे आधीच घरात आहेत त्यांची नसबंदी करा, असंही त्यात आहे. आता कुणी म्हणतं ते पत्र कोर्टानं रद्द केलं. नक्की काय धरायचं? कमिटीनं ठरावच केला तर? आणि लिफ्ट बंद केली तर? आम्ही सातव्या मजल्यावर राहतो. मोती चढेल हो, माझं काय?

प्रतिसाद

ताई, ते पत्र कर्नाटक आणि दिल्ली उच्च न्यायालयांनी एप्रिल २०२४मध्ये रद्द केलं. सोसायटीला पाळीव कुत्र्याला मनाई करता येत नाही, बहुमतानं ठराव झाला तरी नाही, लिफ्टही नाकारता येत नाही, असं भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५च्या सूचनांत आहे. प्रिंट काढून काकांच्या हातात द्या. महापालिकेचं लायसन्स आणि रेबीजची लस मात्र हवीच.

पण काकांवर फार चिडू नका. वरळीत २०१८मध्ये एका हस्कीनं लिफ्टमध्ये शेजाऱ्याला चावा घेतला. २०२५मध्ये मालकाला चार महिन्यांची शिक्षा झाली. हस्की त्या यादीत नव्हताच! आता भारतीय न्याय संहितेचं कलम २९१ आहे: प्राण्याबाबत निष्काळजीपणा केला तर सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. लिफ्टमध्ये आधीच कुणी असेल आणि "थांबा" म्हणालं, तर थांबायचं. मझल (तोंडाला बांधायची जाळी) जवळ ठेवा.

धागाकर्ती

खूप आभार. प्रिंट उद्याच काढते. पण पट्टा धरणार मी, आणि माझं वजन ५२. मोतीला ओढायची सवय आहे, भाचा हसून सोडून देतो. मुलुंड-भांडुपकडे घरी येऊन शिकवणारं कुणी माहीत आहे का?