ओलिनालाची पेटी खरी कशी ओळखायची?

चिंगीची_आई:
नवरा ऑफिसच्या कामाने मेक्सिको सिटीला गेलाय आणि बाजारातून फोटोवर फोटो पाठवतोय, काळ्या-लाल लाकडी पेट्या, वर ससे, पक्षी, फुलं. दुकानदार म्हणतो ओलिनालाच्या आहेत, हातकाम. एकाच साइजच्या दोन पेट्या पण एकीची किंमत दुसरीच्या चौपट, मला तर दोन्ही सेमच दिसतायत. हे आपल्या सावंतवाडीसारखं लाखकाम आहे का? कुठली घ्यायला सांगू?

रंगारी_काका:
लाख नाहीच ती. आपली लाख म्हणजे किड्याची राळ, फिरत्या लाकडावर कांडी धरली की उष्णतेने वितळून बसते. ओलिनाला (गेरेरो राज्यातलं डोंगरातलं गाव) इथे चियाचं तेल वापरतात. हो, तेच ते चिया सीड, जे आपण डाएटच्या नावाखाली भिजवून खातो! ते जवसाच्या तेलासारखं वाळून कडक होतं. तेल लावायचं, त्यावर दगडाची बारीक पूड आणि रंग चोळायचा, मग गुळगुळीत दगडाने घासत बसायचं.
किमतीतला फरक बहुतेक पद्धतीचा असणार. 'रायादो' प्रकारात एक थर पूर्ण वाळवून त्यावर दुसऱ्या रंगाचा थर देतात आणि तो ओला असतानाच नक्षी कोरतात. टर्कीच्या पिसाच्या टोकाला काटा बसवलेला असतो, काट्याने ओरखडायचं आणि त्याच पिसाने निघालेला भुसा झटकायचा. नक्षीभोवतीचा वरचा थर खरवडून काढला की खालचा रंग दिसतो आणि फूल उठून राहतं. 'दोरादो' म्हणजे ब्रशने रंगवलेलं. तेही हातकामच, कमी समजू नका. नवऱ्याला सांगा बोट फिरवून बघ, रायादोत कड लागते.

भटकी_मैना:
आणि झाकण उघडून वास घ्यायला सांग ग! जुन्या पेट्या लिनालोए नावाच्या सुगंधी लाकडाच्या, आतून रंग न देता कोरं ठेवतात म्हणून वास येतो. झाडं कमी झाली त्यामुळे आता बऱ्याच पेट्या पाइनच्या असतात, वरून लिनालोएचा अर्क चोळतात. त्यामुळे नुसत्या वासावर जाऊ नकोस. गंमत म्हणजे त्याच कुळातलं झाड आपल्याकडेही आणलंय, बंगळुरूजवळ अभिनेत्री देविका राणी आणि तिचा चित्रकार नवरा रोरिक यांच्या तातगुणी इस्टेटीत तेलासाठी लागवड होती.

पुणेरी_शंका:
दुकानदाराने 'ओलिनाला' म्हटलं की झालं? उद्या कोणीही म्हणेल.

रंगारी_काका:
@पुणेरी_शंका १९९४ पासून त्या नावाला तिकडे कायद्याचं संरक्षण आहे, आपल्या जीआय टॅगसारखं (भौगोलिक मानांकन). बाजारात कोण पाळतं ते सोडा. आणि किडा पाहिजेच असेल तर तोही आहे मेक्सिकोत! चियापा दे कोर्सो गावात 'आहे' (aje) नावाच्या किड्याची चरबी तेलात मिसळतात आणि भोपळ्यांवर बोटाने फुलं रंगवतात. पात्स्कुआरो गावात सोन्याचा वर्ख लावतात, तिथल्या होसे मानुएल दे ला सेर्दा या मूलनिवासी कारागिराची अठराव्या शतकातली सहीची तबकं आज म्युझियममध्ये आहेत. बाकी बहुतेकांची नावंही राहिली नाहीत.

चिंगीची_आई:
थँक्यू काका! बोट फिरवलं त्याने, महागडीला कड लागतेय म्हणे, स्वस्तवाली एकदम सपाट आणि आतूनही ऑइलपेंट मारलेला. महागडीच घे म्हटलं, आता घासाघीस चालू आहे.

भटकी_मैना:
अग पण फार पाडून मागू नका, घरातली चार माणसं राबतात त्यावर.