ह्रास्तोव्ल्येचं तटबंदीतलं चर्च

एकाने विचारलंय की स्लोव्हेनियातल्या ह्रास्तोव्ल्येसारख्या चिमुकल्या गावात चर्चला किल्ल्यासारखा तट कशाला. उत्तर गावाच्या जागेत आहे. कार्स्टचं चुनखडीचं पठार जिथे कड्यासारखं तुटतं, त्याच्या पायथ्याशी हे गाव, कोपर बंदराच्या मागच्या अंगाला. त्या काळी किनारा व्हेनिसचा, पलीकडे हाब्सबुर्ग या ऑस्ट्रियन राजघराण्याचा मुलूख, आणि वर तुर्कांच्या धाडींची धास्ती. म्हणून सोळाव्या शतकात चर्चभोवती उंच भिंत उठली. वेळ आली की गावकरी आत.

पण खरा ऐवज आतच आहे. १४९० साली कास्ताव गावच्या यानेझ या चित्रकाराने भिंती चित्रांनी भरून टाकल्या. त्यातलं ‘मृत्यूचं नृत्य’ बघाच! सांगाडे पोप, राजा, राणीपासून लंगड्या माणसापर्यंत आणि तान्ह्या पोरापर्यंत एकेकाला हाताला धरून उघड्या थडग्याकडे नेतायत. श्रीमंत व्यापारी मात्र चक्क थैलीत हात घालून मृत्यूलाच चिरीमिरी देऊ बघतोय. (हा माझा सगळ्यात आवडता.)

पुढे हे सगळं गिलाव्याखाली गेलं. १९४९ मध्ये याच गावचा शिल्पकार योझे पोह्लेन याला ते सापडलं. गिलाव्यामुळेच रंग टिकले असावेत, असं मला वाटतं. गेलात तर भिंतीवरचा ग्लागोलिटिक या जुन्या स्लाव्ह लिपीतला मजकूरही शोधा.