जोडीदार निवडताना गुणांची यादी कितपत कामाची?

अर्धविराम:
लग्नाचा विषय निघाला की प्रत्येकाची यादी तयार असते. शिकलेला, देखणी, कमावता, समजूतदार, विनोदबुद्धी (ही तर हवीच). माझं मत : यातल्या निम्म्या गोष्टींचा संसाराशी काडीचा संबंध नाही. भांडण झाल्यावर माणूस कसा वागतो, एवढं कळलं तरी पुरे. अबोला धरतो, जुनी प्रकरणं उकरून काढतो, की थोड्या वेळाने येऊन "मगाशी जरा जास्तच बोललो" म्हणतो? जॉन गॉटमन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी वर्षानुवर्षं जोडप्यांचं बोलणं टिपलं. त्यांच्या मते सुमारे ६९ टक्के मतभेद कधी मिटतच नाहीत आणि नातं मोडण्याची सगळ्यात मोठी खूण म्हणजे तुच्छता. चारचौघांत नक्कल करणं, "तुला काय कळतंय" म्हणणं, हे सगळं त्यात आलं.

कोरडा पाषाण:
साफ नामंजूर. लग्नाआधी भांडण बघणार कसं? भेटायला आलेला माणूस गोडच बोलणार. यादीतलं निदान तोंडावर विचारता तरी येतं. मूल हवं की नको? डोक्यावर कर्ज किती? आईवडील थकले की त्यांचं कोण करणार? मुलाच्या बाबतीत मधला मार्ग नसतो, अर्धं मूल होत नाही. हे न विचारता 'स्वभाव छान आहे' म्हणून बोहल्यावर चढणारे नंतर रडत बसतात. आणि लोक काही मूर्ख नाहीत. डेव्हिड बस या मानसशास्त्रज्ञांनी १९८९ साली ३७ संस्कृतींमधल्या दहा हजारांवर लोकांच्या अपेक्षा मांडल्या. पुरुषांनी रूपाला आणि बायकांनी कमाईला तुलनेने जास्त वजन दिलं हे खरं, पण प्रेमळपणा आणि हुशारी दोघांच्याही यादीत वरच होती.

चष्मिष्ट:
सांगणं वेगळं, भुलणं वेगळं. ईस्टविक आणि फिंकेल या मानसशास्त्रज्ञांच्या २००८ च्या प्रयोगात लोकांनी आधी अपेक्षा लिहून दिल्या, मग चार-चार मिनिटांच्या भेटी घेतल्या. कोण कुणाला आवडलं, याचा आधीच्या कागदाशी फारसा मेळ बसला नाही.

कोरडा पाषाण:
चार मिनिटांत कोण आवडलं, याचा वीस वर्षं निभावण्याशी काय संबंध? उलट यामुळेच यादी हवी. भुललेल्या माणसाला कुणीतरी भानावर आणायला नको?

अर्धविराम:
मग निभावण्याचंच बघू. २०२० मध्ये नात्यांच्या अभ्यासक सामंथा जोएल आणि सहकाऱ्यांनी ११,१९६ जोडप्यांची माहिती तपासली. माणसाच्या स्वभावगुणांपेक्षा 'याला हे नातं टिकवायचंय का, हा लाभला याची मला कदर आहे का' हे वाटणं समाधानाशी कितीतरी जास्त जोडलेलं निघालं. जोडीदाराने स्वतःविषयी सांगितलेल्या गुणांनी तर फारच थोडी भर घातली.

कोरडा पाषाण:
पण ते कळणार नातं जुळल्यावर! निवड त्याआधी करायची असते, साहेब.

निवांत:
दोघांनाही एक सुचवते. समोरचा 'नाही' कसं ऐकतो ते बघा. ठरलेली भेट आयत्या वेळी रद्द झाली की "बरं, मग कधी?" असा निरोप येतो, की "तुझं नेहमीचंच आहे" असा?

चष्मिष्ट:
म्हणजे मुद्दाम भेट रद्द करून परीक्षा घ्यायची? लबाडीच की ही.

निवांत:
मुद्दाम कशाला? दोन-तीन महिन्यांत एकदा तरी खरोखरच जमत नाही. आणि त्या दिवशी तुम्ही कसा निरोप पाठवता, हे तोही बघत असतो.

कोरडा पाषाण:
हे पटलं. पण कर्जाचं आधी विचारा.