युक्रेनच्या क्लायंटनं प्रेस नोटमधल्या चांगल्या ओळीच खोडल्या, असं का?

पेठकर_पुणे:
मी पुण्यातल्या एका छोट्या पीआर एजन्सीत आहे. आमच्या एका क्लायंटचं गोदाम कीवजवळ आहे. परवा रात्री तिथे हल्ला झाला. माणसं सुखरूप, पण छप्पर गेलं. मी रात्र जागून झकास नोट लिहिली. सकाळी त्यांच्या तिथल्या बाईंनी ती परत पाठवली. 'सहा तासांत काम पुन्हा सुरू' ही ओळ खोडली, 'जनरेटरवर शीतगृह चालू आहे' हेही खोडलं, बाहेरून काढलेला फोटो काढून टाकला. वर फक्त एवढंच: "आज नको, उद्या बघू." अहो, उद्या कोण छापणार? बॉस माझ्या डोक्यावर बसलाय. तिकडे काम केलेलं कुणी आहे का इथे?

वॉर्साची_वऱ्हाडीण:
आधी त्या बाईंचे आभार माना.

मी मूळची अकोल्याची. २०२२ ते २०२४ वॉर्सातून कीवच्या टीमबरोबर रोज काम केलं. तुमची नोट सगळ्यात आधी कोण वाचणार, सांगू? ज्यानं क्षेपणास्त्र सोडलं तो. नेम लागला का, नुकसान किती झालं, हे शोधायला त्याला खटपट करावी लागते. तुम्ही ते फुकटात लिहून देताय. सहा तासांत सुरू झालं म्हणजे पुन्हा मारायला हवं, आणि वीज जनरेटरवर आहे म्हणजे काय मारायचं तेही कळलं. फोटोतली शेजारची टाकी, रस्त्याचं वळण एवढ्यावरून घरबसल्या जागा शोधणारे लोक आहेत.

तिथे हे नुसतं शहाणपण नाही, नियम आहे. ३ मार्च २०२२ ला सरसेनापतींचा ७३ क्रमांकाचा आदेश निघाला, काय प्रसिद्ध करायचं नाही याची यादीच आहे त्यात. त्याच महिन्यात फौजांच्या हालचाली उघड करणं फौजदारी गुन्हा झाला. हल्ल्यानंतरच्या दृश्यांसाठी तिथल्या माध्यमांचं गणित असं: नागरी ठिकाण असेल तर ३ तास थांबा, लष्करी असेल तर १२ तास. म्हणून "उद्या बघू".

बाकी कामही पार उलटंपालटं झालं. युद्ध सुरू झालं त्या दिवशी, २४ फेब्रुवारी २०२२ ला, टीमनं पहिलं काम काय केलं, तर आधीच वेळ लावून ठेवलेल्या सगळ्या पोस्ट बंद केल्या. वसंत सेलची जाहिरात होती, सायरन वाजत असताना गेली असती तर? मग पत्रकारांची यादी उघडली. तंत्रज्ञान कव्हर करणारा एक जण फौजेत, एक बाई मुलांना घेऊन पोलंडमध्ये. अर्धी यादी निकामी झाली. मोठ्या वाहिन्यांनी त्याच दिवसापासून मिळून एकच बातमीपट चालवायला घेतला, तिथे तुमच्या गोदामाला जागा कुठली!

आता कंपनीनं काहीही सांगायचं तर सोबत 'बान्का' लागते. शब्दाचा अर्थ बरणी. तिथल्या मोनोबँकेच्या ॲपमधलं वर्गणीचं खातं, कुठल्या तुकडीला ड्रोन, कुठे पिकअप गाडी. पैसे जमले की हिशेब फोटोसकट टाकायचा. हिशेब नाही टाकला तर लोक सोलून काढतात. आपल्याकडच्या गणपतीच्या वर्गणीसारखं नाही हं ते.

आणि एक, सकाळी ९ ला काही पाठवू नका. रोज ९ वाजता देशभर एक मिनिट स्तब्धता असते.

जुना_बातमीदार:
वऱ्हाडीणबाई, तंतोतंत. आम्ही मुंबईत हे २६/११ ला शिकलो, तेही उशिरा. ताजबाहेरून आमची मंडळी थेट दाखवत होती आणि पलीकडे बसलेले सूत्रधार टीव्ही बघून आतल्यांना फोनवर सूचना देत होते. २०१२ च्या कसाब निकालात सर्वोच्च न्यायालयानं वाहिन्यांना त्यावरून झोडपलं. मे २०२५ च्या संघर्षाआधी, २६ एप्रिललाच माहिती प्रसारण खात्याची सूचना आली होती की लष्करी कारवाईचं थेट प्रक्षेपण नको. तरी काही वाहिन्यांनी काय तारे तोडले ते सगळ्यांनी पाहिलंच.

शंकासुर:
म्हणजे सरकार सांगेल ते आणि तेवढंच बोलायचं? याला पीआर म्हणतात की प्रचार?

वॉर्साची_वऱ्हाडीण:
@शंकासुर, प्रश्न रास्त आहे. गप्प राहणं वेगळं, खोटं बोलणं वेगळं. 'कीवचं भूत' नावाच्या लढाऊ वैमानिकाची गोष्ट जगभर फिरली, मग ३० एप्रिल २०२२ ला त्यांच्याच हवाई दलाला सांगावं लागलं की असा एक माणूस नाही, हे सगळ्या वैमानिकांचं मिळून चित्र आहे. मी क्लायंटला एवढंच सांगायची: ओळ गाळा, पण जी ठेवाल ती खरी ठेवा. छप्पर गेलं तर 'किरकोळ नुकसान' लिहू नका, नुकसानाबद्दल लिहूच नका. लोकांची चौकशी, पगार चालू आहेत का, ऑर्डर कधी मिळणार, हे लिहा.

पेठकर_पुणे:
सगळ्यांचे आभार. नवी नोट चार ओळींची झाली: माणसं सुखरूप, पगार वेळेवर, ऑर्डर उशिरा, फोन नंबर. बाईंनी लगेच होकार दिला. बॉस म्हणतो यात बातमी कुठाय.

वऱ्हाडीणबाई, ती मी उद्या आपल्या साडेअकराला सुटेल अशी लावून ठेवली होती. तिकडे नऊ वाजता ऑफिस उघडतं म्हणून. आत्ता एक वाजताची केली.