ग्रीकच्या बोली प्रमाण ग्रीकमधून फुटल्या आहेत का?

प्रश्न
मी आधुनिक ग्रीक शिकत आहे. पाठ्यपुस्तकातील भाषा समजते. सायप्रसमधील लोक आपसांत बोलू लागले की मात्र धागाच सापडत नाही. सायप्रस किंवा काळ्या समुद्राकाठच्या पोन्टसच्या बोली ही प्रमाण ग्रीकचीच बदललेली रूपे मानावीत का?

पहिला प्रतिसाद
तसे मानता येणार नाही, कारण काळाचा क्रम उलटा आहे. अलेक्झांडरनंतरच्या शतकांत मुख्यतः अथेन्सच्या ॲटिक बोलीवर आधारलेली ‘कोइने’ ही सामाईक भाषा पूर्व भूमध्य प्रदेशात पसरली आणि आजच्या बहुतेक बोली तिच्यातूनच आपापल्या वाटेने वाढल्या. प्रमाण ग्रीक तिच्या आजच्या रूपात त्यामानाने अलीकडची आहे : एकोणिसाव्या शतकात ग्रीस स्वतंत्र झाल्यावर प्रामुख्याने दक्षिण ग्रीसमधील पेलोपोनीजच्या बोलीचा पाया धरून ती घडली आणि ‘काथारेवुसा’ या पुरातन वळणाच्या लेखी भाषेतूनही तिने पुष्कळ शब्द घेतले. लोकभाषेला, म्हणजे ‘दिमोतिकी’ला, शिक्षणात अधिकृत स्थान मिळाले ते १९७६ साली. म्हणून सायप्रसच्या बोलीला प्रमाण ग्रीकची लेक म्हणण्यापेक्षा तिची वडील चुलत बहीण म्हणणे मला अधिक रास्त वाटते.

दुसरा प्रतिसाद
वरील विवेचनाला एक महत्त्वाचा अपवाद आहे. पेलोपोनीजच्या पूर्व किनाऱ्यावर, लेओनिदियोच्या परिसरात बोलली जाणारी त्साकोनियन ही कोइनेची नव्हे, तर प्राचीन डोरिक बोलीची वंशज मानली जाते. ‘दिवस’ या अर्थी प्रमाण ग्रीकमध्ये ‘इमेरा’ म्हणतात, तर त्साकोनियनमध्ये ‘आमेरा’. त्या आरंभीच्या ‘आ’मध्ये डोरिकचा जुना स्वर अजून ऐकू येतो. आता तिचे बोलणारे थोडे आणि बहुधा वयस्कर आहेत, याची मला मनापासून खंत वाटते.

पोन्टसची कथा वेगळी आहे. ग्रीस आणि तुर्कस्तान यांच्यातील १९२३ च्या लोकसंख्या-अदलाबदलीत निकष धर्माचा होता, भाषेचा नव्हता. त्यामुळे काळ्या समुद्राकाठचे ख्रिस्ती ग्रीसमध्ये गेले आणि त्राब्झोनकडील ग्रीकभाषक मुसलमान तुर्कस्तानातच राहिले. त्यांच्या ‘रोमेइका’ बोलीत प्राचीन ग्रीकचे भाववाचक क्रियारूप (‘करणे’, ‘जाणे’ यांसारखे) टिकून आहे. प्रमाण ग्रीकने ते गमावले असून तिथे ‘ना’ या अव्ययाने सुरू होणारे उपवाक्य वापरावे लागते.

तिसरा प्रतिसाद
आपली अडचण सायप्रसची आहे, म्हणून तेवढ्यापुरते लिहितो. ‘हात’ या अर्थाचा ‘हेरी’ हा शब्द तिथे ‘शेरिन’ असा उच्चारतात. या एका शब्दात दोन गोष्टी दिसतात : ‘इ’ आणि ‘ए’ या स्वरांआधीचा ‘ह’ तिथे ‘श’ होतो आणि शब्दाच्या शेवटचा जुना ‘न’ टिकून राहतो. त्याचप्रमाणे ‘आणि’ या अर्थाच्या ‘के’चे ‘जे’ होते. एकाच व्यंजनाच्या जोड्याही तिथे स्पष्टपणे दुहेरी उच्चारल्या जातात. शाळा आणि बातम्यांची भाषा प्रमाण ग्रीक असल्याने सायप्रसचे लोक परक्या माणसाशी बोलताना सहसा तिच्याकडे वळतात. घरात आणि बाजारात मात्र बोलीच चालते. त्यामुळे केवळ बातम्या ऐकून तिचा सराव होणार नाही. त्यासाठी तेथील घरगुती संवाद असलेल्या मालिका ऐकाव्यात.