आईच्या डब्यांच्या पैशांसाठी फक्त मोबाइलवरचं खातं उघडावं का? (खर्च वर्षाला १५० च्या आत)

लातूरकर_९७:
नमस्कार मंडळी. आई चार वर्षांपासून लातूरला ट्युशन एरियात डबे देते. नीटची पोरं, दोन वेळचा डबा, महिना २८०० रुपये. सध्या १६ डबे आहेत. अर्ध्या पोरांचे पालक गावाकडून फोनवर पैसे टाकतात, बाकीचे रोख, तेही दोन-दोन हप्त्यांत. ऑनलाइनचं सगळं बाबांच्या खात्यात पडतं. बाबा त्यातून बियाणं, खत आणतात आणि महिनाअखेरी किराणावाला दारात आला की घरात वाजतं. आईला डब्यांचं खातं वेगळं पाहिजे.

अकराला डबे निघतात, चारला परत कणीक मळायला घेते, त्यामुळे बँकेत जाऊन रांगेत बसणं जमत नाही. म्हणून शाखा नसलेलं, ॲपवरचं खातं बघतोय. किमान शिल्लक शून्य हवी. कार्ड, एसएमएस, सगळं धरून वर्षाला १५० च्या वर जायला नको. व्याजाचं काही नाही, हजार-दोन हजार उरले तरी खूप. कोणी वापरतं का?

लाउंजप्रेमी:
मी गेली तीन वर्षं प्रीमियम खातं वापरतोय. कार्डाचे वर्षाला २५०० जातात पण विमानतळावर लाउंज फुकट, सिनेमाच्या एका तिकिटावर एक मोफत. एकदा हिशेब केला तर पैसे वसूल होतात. शून्य शिल्लकवाल्या खात्यांना सेवाच नसते. डोळे मिटून प्रीमियम घ्या.

लातूरकर_९७:
दादा, आई तुळजापूरला जाते. एसटीने, अर्ध्या तिकिटात.

निओ_नाना:
ॲपवरच उघडा. माझं पाच मिनिटांत झालं, चहा गार व्हायच्या आत. आधार, पॅन, ओटीपी, संपलं. खर्चाचे रंगीत गोल दिसतात, किराण्याचा वेगळा, पेट्रोलचा वेगळा. काकूंना आवडेल. शुल्क शून्य!

निवृत्त_रोखपाल:
नाना, शून्य कशाचं ते सांगा. खातं शून्य, ॲपमधलं चित्रातलं कार्ड शून्य. हातात धरायचं कार्ड मागवलं की वार्षिक शुल्क सुरू. माझ्या मुलाला २९९ अधिक जीएसटी, म्हणजे ३५२ रुपये ८२ पैसे लागले. धागाकर्त्याचं बजेट तिथेच दोनदा संपलं.

दुसरं, ॲप म्हणजे बँक नव्हे. "फक्त डिजिटल बँक" असा वेगळा परवाना आपल्याकडे नाही. एक प्रकार म्हणजे परवाना असलेल्या बँकेनेच काढलेलं मोबाइल खातं. डीबीएसने २०१६ ला डिजिबँक आणली, कोटकने २०१७ ला ८११. दुसरा प्रकार म्हणजे पुढे ॲपवाली कंपनी आणि मागे कुठलीतरी बँक. त्या बँकेचं नाव पानाच्या तळाशी बारीक अक्षरात असतं. बँक बुडाली तर मिळणारे ठेव विम्याचे ५ लाख त्या मागच्या बँकेतल्या ठेवीला असतात, आणि त्याच बँकेत तुमचं आधीचं खातं असेल तर दोन्ही मिळून ५ लाख.

निओ_नाना:
काका, ३४ वर्षं काउंटरच्या मागे बसलेल्यांना ॲप आवडणार नाहीच.

निवृत्त_रोखपाल:
३७.

मुळामुठा:
एटीएमचंही बघा. दुसऱ्या बँकेच्या मशीनवर महिन्याला तीनच वेळा फुकट, पुढे प्रत्येक वेळी २३ रुपये आणि वर जीएसटी, म्हणजे २७ रुपये १४ पैसे. डिजिटल खात्याला स्वतःची मशीन बहुधा नसतातच, सगळीच दुसऱ्याची.

निवृत्त_रोखपाल:
तीन वेळा मेट्रो शहरांत. बाकी सगळीकडे पाच. लातूरला पाच.

मुळामुठा:
तेच म्हणतोय, पुण्यात तीन.

निवृत्त_रोखपाल:
पुण्यातही पाच. रिझर्व्ह बँकेच्या यादीत मुंबई, दिल्ली, चेन्नई, कोलकाता, बंगळूर, हैदराबाद एवढीच सहा. पुणे त्यात नाही.

मुळामुठा:
हैदराबाद आहे आणि पुणे नाही? कमाल आहे. वनाझहून रोज मेट्रोने येतो मी.

कृष्णाकाठ:
😂 पुणेकरांना दोन वेळा जास्त पैसे काढता आले तरी अपमान वाटतो.

मुळामुठा:
प्रश्न पैशांचा नाही.

बर्लिनकर_बंड्या:
आमच्याकडे एन२६ नावाची बँक आहे, खरीखुरी परवानाधारक आणि एकही काउंटर नाही. रोख भरायची तर सुपरमार्केटच्या गल्ल्यावर बारकोड दाखवायचा, बाई पैसे घेते, खात्यात जमा. त्याचं शुल्क मात्र कापतात. भारतात हे यायला हवं.

वांग्याचं_भरीत:
बंड्या, बर्लिनच्या सुपरमार्केटचं लातूरच्या बाईने काय करायचं?
पण बंड्याने नकळत मुद्द्यावर बोट ठेवलंय. १६ डब्यांचे ४४,८०० होतात, त्यातले निम्मे, २२,४०० रोख. ते ॲपमध्ये कसे घालणार? मी शिलाईचे पैसे भरायला गेले तेव्हा कळलं की ॲपच्या मागच्या बँकेची शाखा आमच्या जळगावात होती, पण पैसे भरायचं मशीन बंद, आणि काउंटरवरचा मुलगा म्हणाला हे डिजिटल खातं आहे, इथे भरलंत तर शुल्क लागेल. दहा-दहाच्या नोटांची पिशवी घेऊन परत आले. शेवटी भावाला रोख दिली आणि त्याने फोनवरून टाकले. मग वेगळं खातं कशाला काढलं होतं?

लाउंजप्रेमी:
म्हणूनच प्रीमियम घ्या म्हणालो, रोख घ्यायला घरी माणूस येतो.

गणिताचे_सर:
कोणी ओटीपीच्या मर्यादेबद्दल बोलत नाहीये म्हणून लिहितो. नानांचं पाच मिनिटांतलं खातं नुसत्या आधार ओटीपीवर उघडलेलं असेल तर त्यात एका वेळी १ लाखापेक्षा जास्त शिल्लक चालत नाही आणि आर्थिक वर्षात एकूण २ लाखांपेक्षा जास्त जमा होत नाही. वर्षाच्या आत पूर्ण केवायसी, म्हणजे ओळखीची पडताळणी, झाली नाही तर खातंच बंद करायचं असतं. आता यांचं गणित करा. नुसते ऑनलाइनचे २२,४०० धरले तरी नऊ महिन्यांत २,०१,६०० होतात. एप्रिलला सुरू केलं तर डिसेंबरमध्ये अडकणार. नेमकं तेव्हा पोरं परीक्षेच्या तयारीला डब्यावर असतात.

निओ_नाना:
व्हिडिओ केवायसी केली की मर्यादा जाते. मी तेच म्हणत होतो.

गणिताचे_सर:
वर शोधलं, म्हणाला नव्हतात.

कृष्णाकाठ:
व्हिडिओ केवायसीचा आमचा तमाशा ऐका. मूळ पॅनकार्ड हातात धरायचं, पांढऱ्या कागदावर सही करून दाखवायची, समोरची मुलगी डोळे मिटा-उघडा म्हणते. पहिल्यांदा रेंज गेली. दुसऱ्यांदा आजी मागून "कोण आहे गं ती?" म्हणत मध्येच आली, तर मुलगी म्हणाली खोलीत दुसरं कोणी नको. तिसऱ्यांदा सगळं जमलं आणि कळलं की पॅनवर वहिनीचं माहेरचं आडनाव आहे, आधारवर सासरचं. नामंजूर. आधी दोन्ही कार्डं शेजारी ठेवून बघा.

वांग्याचं_भरीत:
+१. आमच्याकडे पण आडनावच.

सीएचा_मामा:
बचत खात्यात धंदा करता येत नाही. चालू खातं काढा, १०,००० शिल्लक ठेवा, क्यूआरचा, पैसे आले की बोलणारा स्पीकर भाड्याने घ्या, उद्यम नोंदणी करा. भाच्याला विचारून सांगतो.

निवृत्त_रोखपाल:
नियमाने बरोबर. रोज वीस अनोळखी लोकांकडून जमा दिसली तर बँक विचारतेही. पण महिन्याला आठ पालकांचे आठ व्यवहार असलेल्या बाईला १०,००० अडकवून ठेवायला सांगू नका.

आणि शून्य शिल्लक हवी तर ॲपच कशाला? स्टेट बँकेने बचत खात्याची किमान शिल्लकच २०२० च्या मार्चमध्ये काढली. शिवाय कुठल्याही बँकेत मूलभूत बचत खातं मागता येतं. त्याला शिल्लक नको, एटीएम कार्ड फुकट. बँक स्वतःहून सांगत नाही, मागावं लागतं.

बीडची_बाई:
सगळे शुल्काबद्दल बोलताय, मी वेगळंच विचारते. तुमच्या आईला लाडकी बहीणचे १५०० येतात का? आणि कुठल्या खात्यात?

लातूरकर_९७:
येतात ताई. जनधनच्या खात्यात.

बीडची_बाई:
मग थांबा. सरकारी पैसे खाते क्रमांक बघून येत नाहीत, आधार ज्या बँकेशी जोडलंय तिथे येतात. आणि एका आधारला एकच बँक जोडलेली राहते, शेवटची. ॲपवर खातं उघडताना एक चौकोन असतो, "सरकारी अनुदान या खात्यात घेण्यास संमती", कधीकधी आधीच टिक केलेला. मी न वाचता पुढे गेले. दोन महिने हप्ता येईना. तलाठ्याकडे, अंगणवाडी ताईंकडे, बँकेत, सगळीकडे फिरले. पैसे त्या ॲपच्या खात्यात पडत होते, आणि ॲप मी फोन भरला म्हणून काढून टाकलं होतं. आधारच्या साइटवर बँक सीडिंग स्टेटस, म्हणजे आधार कुठल्या बँकेशी जोडलंय ते, बघता येतं. उघडण्याआधी एकदा, नंतर एकदा बघाच.

गणिताचे_सर:
या धाग्यातला सर्वात उपयोगी प्रतिसाद.

सीएचा_मामा:
अवांतर: महिना ४४,८०० म्हणजे वर्षाला ५ लाखांच्या वर. योजनेची उत्पन्नाची अट अडीच लाख आहे.

लातूरकर_९७:
मामा, ती विक्री आहे, कमाई नव्हे. गॅस, तेल, डाळ, पोळ्या लाटायला येणाऱ्या मावशींचे पैसे जाऊन हातात किती राहतात ते आईला विचारा.

सीएचा_मामा:
मी फक्त नियम सांगितला. करदात्यांच्या पैशांतून…

वांग्याचं_भरीत:
आला करदाता.

संपादक:
योजनेवरचे अकरा प्रतिसाद उडवले आहेत. राजकारणासाठी वेगळा धागा आहे, तो आधीच ४०० वर गेलाय. इथे खात्याबद्दल बोला.

निवृत्त_रोखपाल:
जनधन आहे हे आधी सांगायचं ना! तेच मूलभूत खातं आहे. फक्त ते कागदपत्रांशिवाय उघडलेलं "छोटं खातं" तर नाही ना बघा, त्यात वर्षाला १ लाखच जमा होतात.

लातूरकर_९७:
आधारवर उघडलेलं आहे. २०२५ च्या पावसाळ्यात ग्रामपंचायतीत शिबिर होतं, तिथे फेर-केवायसी पण झाली.

निओ_नाना:
जनधनच्या ॲपमध्ये खर्चाचे रंगीत गोल दिसत नाहीत.

लातूरकर_९७:
मंडळी, चार दिवसांनी येतोय. सगळं आईला वाचून दाखवलं. बीडच्या ताईंचा प्रतिसाद दोनदा वाचायला लावला. १५०० ला धक्का लागेल असं काही नको म्हणाली, नवीन खातं रद्द. जनधनच्या खात्याचा क्यूआर छापून आणला, आणि तिने तो डब्याच्या पिशवीला प्लास्टिकमध्ये घालून शिवला. पोरं पिशवीचा फोटो काढून घरी पाठवतात. खर्च ३० रुपये, प्लास्टिक धरून.

रोखीची मात्र पतसंस्थेत पिग्मी, म्हणजे रोजची बचत, लावली. एजंट गल्लीतल्याच काकू आहेत, साडेतीनला येतात, कणीक मळायच्या आधी.

निवृत्त_रोखपाल:
अहो पतसंस्थेला ५ लाखांचा विमा नसतो! ४० प्रतिसाद वाचून हे केलंत?

गणिताचे_सर:
पिग्मीवर व्याज किती? मध्येच मोडली तर काय कापतात? विचारलंत का?

लातूरकर_९७:
मी विचारलं. आई म्हणाली, रोज ५०० तर टाकते, आणि दर तीन महिन्यांनी काढून किराणावाल्याचं उधार मिटवते. बुडाले तरी काकूंचं घर माहीत आहे.

लाउंजप्रेमी:
प्रीमियमचा विचार तरी करायचा होता.

बीडची_बाई:
अवांतर: डब्यात पोळ्या किती असतात? भाचा जूनमध्ये लातूरला येतोय.

लातूरकर_९७:
चार. भाकरी पाहिजे तर दोन. रविवारी संध्याकाळचा डबा नसतो, ते आधीच सांगा त्याला. ऑनलाइन दिले तरी चालतील, पिशवीवर बघा.