मदत हवी आहे: सॅडलमधून शिकार करताना पायाखाली काय घ्यावं, प्लॅटफॉर्म की स्टेप्स?

नमस्कार मंडळी,

मी मिशिगनमध्ये राहतो आणि गेली सहा वर्षं कंपाउंड बो (चाकं लावलेलं आधुनिक धनुष्य) घेऊन व्हाइटटेल हरणांच्या शिकारीला जातो. परवाना काढून, हंगामातच, आणि मांस सगळं घरी खाल्लं जातं. शिकार करावी की करू नये यावर बोलायचं असेल तर कृपया वेगळा धागा काढा, मला इथे खरंच मदत हवी आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: सॅडल म्हणजे कमरेला आणि बुडाखाली घ्यायचा रुंद पट्टा. बुंध्याला टेदर (म्हणजे भार पेलणारा दोर) बांधायचा, सॅडलचा ब्रिज (म्हणजे पुढचा दोरीचा फास) त्यात अडकवायचा आणि झाडाकडे तोंड करून मागे रेलायचं. लोखंडी मचाण पाठीवर वाहण्यापेक्षा हे कितीतरी हलकं. पण पाय कशावर तरी टेकावेच लागतात, आणि माझं घोडं तिथेच अडलंय.

दोन वर्षांपूर्वी मी फूटभर रुंदीचा एक प्लॅटफॉर्म घेतला. वजनाला हलका, पट्ट्याने बुंध्याला आवळायचा. पहिला तासभर ठीक जातो. मग तळपायाची कमान दुखायला लागते, कारण रेलल्यावर सगळा भार प्लॅटफॉर्मच्या कडेवर येतो. दोन तासांनी उजव्या पायाची करंगळी बधिर होते आणि गुडघे सालीवर टेकून टेकून सोलवटल्यासारखे वाटतात.

गेल्या नोव्हेंबरमधली गोष्ट. एका बीचच्या झाडावर अठरा फुटांवर होतो. संध्याकाळी एक मादी माझ्या उजव्या अंगाने वीसेक पावलांवर आली. मी उजव्या हाताने बाण सोडतो, त्यामुळे उजवी बाजू ही माझी अवघड बाजू. वळण्यासाठी बधिर पाय कडेला सरकवला आणि प्लॅटफॉर्म बुंध्यावर जरासा घसरून कर्रकन वाजला. तिने मान वर केली, पुढचा पाय दोनदा जमिनीवर आपटला आणि पांढरी शेपटी उभारून निघून गेली. बाण सोडला नाही तेच बरं झालं. अर्धवट वळून मारलेला बाण जनावराला नुसता जखमी करतो, आणि ते मला नको आहे.

आता कुणी म्हणतं मोठा प्लॅटफॉर्म घे. कुणी म्हणतं एकाच पट्ट्यावर पाच-सहा स्टेप्स (एकेक पाय टेकायच्या छोट्या पायऱ्या) बुंध्याभोवती कड्यासारख्या लाव, म्हणजे झाडाभोवती चहूकडे फिरता येईल. मी सरकारी जमिनीवर शिकार करतो. तिथे सालीत घुसणारं काहीही लावायला बंदी आहे, म्हणजे स्क्रूच्या स्टेप्स बाद. वजन ९२ किलो, वय ४७. १ ऑक्टोबरला हंगाम उघडतो, त्याआधी ठरवायचं आहे. वापरलेल्यांनी कृपया सांगा.

विस्कॉन्सिनकर: नवीन काही घेण्याआधी टेदर वर सरकवून बघा. तो डोळ्यांच्या रेषेत किंवा त्याखाली असेल तर तुम्ही रेलता आणि भार पायांवर येतो. वीतभर वर घेतलात की दोरी जास्त उभी होते, सॅडल भार घेतं आणि तुम्ही बसता. गुडघ्यांना पॅड हवेतच. बूट कडक तळव्याचे घाला, मऊ बुटात प्लॅटफॉर्मची कड थेट कमानीत रुतते. आणि मांड्यांचे पट्टे फार आवळत नाही ना? पाय बधिर होण्याचं कारण तेही असू शकतं.

घसरण्याबद्दल: पट्टा ओढून बांधल्यावर प्लॅटफॉर्म खाली दाबून बसवायचा असतो, म्हणजे त्याचे दात सालीला धरतात. बीचची साल गुळगुळीत, तिथे हे नीट झालं नाही तर तो हलणारच.

पेनसिल्व्हेनियावासी: मी तीन हंगाम नुसत्या स्टेप्सवर काढले. फिरायला उत्तम, उजवी बाजू अवघड राहतच नाही. पण पायाला आधार तळहाताएवढा. थंडीत जाड बूट घालून चार तास उभं राहणं माझ्याने झालं नाही. आता लहान प्लॅटफॉर्म आणि त्याच पातळीवर उजवीकडे दोन, डावीकडे एक स्टेप अशी जोडी लावतो. बसायचं प्लॅटफॉर्मवर, वळायचं स्टेपवर. तुमच्या दुखण्याला मोठा प्लॅटफॉर्म हा उपाय मला पटत नाही, कड तिथेही आहेच.

शॅगबार्क हिकरीचं झाड मात्र टाळा. सुटलेल्या सालीवर काहीही बांधलं तरी वाजतं. आणि प्लॅटफॉर्म असो की स्टेप्स, टेदर कधी ढिला ठेवू नका. पाय सुटला तर पडण्याचं अंतर तेवढंच वाढतं.

धागाकर्ता: दोघांचेही मनापासून आभार. काल परसातल्या मेपलवर, जमिनीपासून गुडघाभर उंचीवर प्लॅटफॉर्म बांधून दोन तास काढले. टेदर वीतभर वर घेतला, मांड्यांचे पट्टे दोन बोटं सैल केले. करंगळी बधिर झाली नाही! कमान दुखली, पण दीड तासानंतर. प्लॅटफॉर्म दाबून बसवायचा असतो हे मला दोन वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. आता तो हलत नाही.

तीन स्टेप्स मागवतो आहे. एकच विचारायचं राहिलं: उजवीकडची दुसरी स्टेप पहिलीपासून किती अंतरावर लावता? माझ्या बुटाची लांबी बारा इंच आहे, आणि वळताना दोन्ही पाय क्षणभर तरी स्टेप्सवर असावेत असं वाटतं.